खारी डोण

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हा राजा कोण होता ते मला ठाऊक नाही, आणि त्याच्यावाचून आपलं काही अडतही नाही. कारण ही गोष्ट राजाची नाहीच. एका वाण्याची आहे, त्याच्या दुकानाच्या नावाची आहे आणि त्या नावापायी त्याच्यावर जी वेळ आली त्या वेळेची आहे. तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

तेव्हा लहानग्यांनो, आणि लहानग्यांना गोष्ट ऐकवायचं निमित्त करून स्वतःच कान टवकारून बसलेल्या मोठ्यांनो, नीट ऐका.

त्या मुलखात किराणा दुकानांना पाट्या नसत. पाटी हवी कशाला? हिंग, मिरी, सुकं खोबरं आणि गुळाची ढेप एका छपराखाली आली की वासच माणसाचं नाक धरून त्याला आत ओढतो. नावं मात्र दुकानांना होती, आणि ती गावानं ठेवलेली होती. एका गावात दुकानाची पायरी तुटलेली, म्हणून ते 'तुटक्या पायरीचं दुकान'. पुढे पायरी दुरुस्त झाली, वाण्याची नातवंडं तिच्यावर सागरगोटे खेळू लागली, तरी नाव तेच. दुसऱ्या गावात वाण्याचा जन्म मिरच्यांच्या पोत्याशेजारी गेला, म्हणून ते 'शिंकऱ्याचं दुकान'. तिसऱ्या गावी वाणी वारला आणि त्याच्या बायकोनं तराजू हाती धरला, म्हणून 'काकूंचं दुकान'. काकूंच्या मागे त्यांचा झुपकेदार मिशांचा जावई गादीवर बसू लागला, तरी पोरं आपली सांगत, "काकूंकडून गूळ आणतो." जावई बिचारा हूं की चूं करत नसे.

घाटाच्या पायथ्याशी जे गाव होतं, तिथल्या वाण्याचं नाव नागशेट. त्याच्या दुकानाला लोक म्हणत 'खारी डोण'.

डोण म्हणजे काय, ते सांगायला हवं. विहिरीपाशी गुरांना पाणी पाजायला दगड कोरून केलेली लांबट कुंडी असते ना, ती डोण. तशी एक डोण नागशेटच्या दुकानाबाहेर वळचणीला होती, आणि तिच्यात पाणी नव्हे, मीठ असे. ती ठेवली होती नागशेटच्या आजोबांनी.

मिठाचे दोन नियम आहेत. तुम्हाला ठाऊक नसतील तर घरातल्या जाणत्या बाईला विचारा. दिवेलागणीनंतर वाणी मीठ विकत नाही, घरची लक्ष्मी बाहेर जाते म्हणतात. आणि मीठ कुणी कुणाच्या हातावर ठेवत नाही, दोघांत भांडण होतं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण वाणी हे नियम जिवापाड पाळतो.

आता गाव घाटाखाली. घाट उतरून येणारे गाडीवान, शेतांत मेंढ्या बसवून येणारे धनगर, लाकूडतोडे, सगळे गावात पोचायचे ते दिवे लागल्यावर. चुलीवर कालवण चढलेलं आणि मीठ नाही! दारात येऊन उभे राहायचे, आजोबा हात जोडायचे, आणि माणसं अळणी जेवून निजायची. आजोबांना त्याचं फार वाईट वाटे. नियम मोडवत नाही आणि माणसाचं तोंड बघवत नाही. मग एके दिवशी त्यांनी पाथरवटाकडून डोण आणवली आणि वळचणीला ठेवली. रोज दिवा लावायच्या आत तिच्यात खडेमीठ भरून ठेवू लागले.

"मीठ विकायचं नाही ना? मग विकत नाही," आजोबा म्हणाले. "हातावर द्यायचं नाही ना? मग देतही नाही. ज्याचं त्यानं घ्यावं आणि पोटभर जेवावं."

धान्य मापताना वाणी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, हे तुम्ही ऐकलं असेल. लाभ, दोन, तीन, असं मोजत जातो. आजोबा डोणीत मीठ ओतताना 'लाभ' म्हणत आणि तिथेच मोजणं थांबवत. पुढची मापं नुसती ओतायची. किती गेलं, कुणी नेलं, ते विचारायचं नाही.

आजोबा गेले, वडील गेले, डोण राहिली. घाटावरून येणारा माणूस विचारी, "खारी डोण किती लांब राहिली रे?" गावाचं नाव विसरत, दुकानाचं विसरत नसत.

नागशेट माणूस वाईट होता का? मुळीच नाही. त्याचं पारडं सरळ, माल निवडलेला, जिभेवर साखर. त्याची बायको, वाणीणबाई, डाळ अशी पाखडून ठेवी की गिऱ्हाईक शोधून शोधून दमेल पण खडा सापडायचा नाही. आणि त्यांना एक लेक होती, राही. दुधाचे दात पडायला लागलेले, परकर कायम गुळानं चिकट. संध्याकाळी डोण भरायचं काम राहीचं. लहानसं मापटं घेऊन ती डोणीवर वाके आणि आळीभर ऐकू जाईल असं ओरडे, "लाऽऽभ!"

नागशेटमध्ये खोट एकच. त्याला मोठेपणाची हौस होती.

एकदा तो माल भरायला राजधानीच्या पेठेत गेला. आणि काय सांगू तुम्हाला! तिथे दुकानांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाट्या. 'सुवर्णकलश भांडार.' 'राजमान्य किराणा कोठी.' 'श्रीवैभव वखार.' एकेक अक्षर हातभर उंच, रंगवलेलं, भोवती वेलबुट्टी. नागशेट मान वर करून वाचत चालला आणि एका मुनिमाला जाऊन धडकला.

ठोक माल विकणाऱ्या शेटच्या पेढीवर गेला तेव्हा शेटनं विचारलं, "कुठलं दुकान तुमचं?"

"घाटाखालची खारी डोण," नागशेटनं नेहमीसारखं सांगितलं.

शेट हसला. त्याच्याभोवती बसलेले चारपाच व्यापारी हसले. "डोण?" शेट म्हणाला. "अहो, गिऱ्हाइकं दोन पायांवर येतात ना तुमच्याकडे? का चार पायांवर? अरे, यांना माल दाखवा, आणि सरकी-पेंडही दाखवा!"

पुन्हा सगळे हसले. नागशेटही हसल्यासारखं करून हसला. पण तो शब्द त्याला लागला. परतीच्या वाटेवर बैल आपल्या चालीनं चालत होते आणि नागशेटच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. आपण इतकी वर्षं मान मोडून धंदा केला आणि आपल्याला ओळखतात कशानं, तर गुरांच्या डोणीनं!

घरी येताच त्यानं सुताराला बोलावलं. सागवानी फळी घेतली, तासून गुळगुळीत केली, रंगाऱ्याकडून पिवळ्याधमक अक्षरांत नाव लिहवलं: 'श्री सकलसमृद्धी महाभांडार'.

वाणीणबाईनं पाटी पाहिली. पदरानं हात पुसत म्हणाली, "नाव छान आहे हो. पण एवढं लांब नाव म्हणायला लागलं तर गिऱ्हाइकाला आत येईपर्यंत धाप लागेल."

"तुला काय कळतंय त्यातलं," नागशेट म्हणाला. "आणि ती डोण उचलून गोठ्यात टाका. पाटीखाली शोभत नाही."

वाणीणबाईचा चेहरा उतरला. "मामंजींच्या वडिलांनी ठेवलेली आहे ती," ती म्हणाली. "संध्याकाळी माणसं येतील. त्यांना काय सांगायचं?"

"दिवसाउजेडी येऊन विकत घ्या म्हणावं."

गडी आले, पहारी लावल्या, डोण उचलली. ती जिथं होती तिथली जमीन मिठानं पांढरी पडली होती. राही पळत गोठ्यात गेली आणि डोणीच्या काठाला धरून उभी राहिली. त्या संध्याकाळी तिनं रिकामं मापटं घेऊन घरभर चकरा मारल्या. कुणी तिला कामाला लावलं नाही.

गावानं भांडण केलं नाही. गाव असल्या बाबतीत भांडत नाही. दिवे लागल्यावर घाटावरची माणसं येत, वळचणीला वाकत, हातानं चाचपत, आणि मग सरळ होऊन निघून जात. आणि नाव? नावाचं काय विचारता! नागशेट पाटीखाली उभा राहून गिऱ्हाइकाला म्हणे, "या, सकलसमृद्धीत या." गिऱ्हाईक मान डोलवी, आत येई, जिरे-मोहरी घेई आणि घरी जाऊन सांगे, "खाऱ्या डोणीवरनं आणलं."

साऱ्या गावात ते नाव न अडखळता म्हणणारं माणूस एकच होतं. राही. कारण नागशेट तिच्याकडून रोज घोकून घेई.

"कुणी विचारलं, तू कुणाची, तर काय सांगायचं?"

"श्री सकलसमृद्धी महाभांडाराच्या नागशेटची."

"शाबास. आणि काय सांगायचं नाही?"

"खारी डो..."

"अं हं!" नागशेटनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "ते नाव तोंडातून काढायचंच नाही. घे बघू माझ्या गळ्याची शपथ."

राहीनं बापाच्या गळ्याला हात लावला. शपथ म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे तिला आईनं सांगितलेलं होतं. ज्याच्या गळ्याची शपथ घ्यायची, ती मोडली तर त्याच्याच जिवाचं बरंवाईट होतं. तिनं डोळे मोठे केले आणि हळूच म्हटलं, "शपथ."

नागशेटला गंमत वाटली. तो गुळाचा खडा तिच्या तोंडात घालून आपल्या कामाला लागला.

मग आली देवीची जत्रा. ती भरे दूर नदीकाठच्या माळावर. दहा दिशांची माणसं, गुरंढोरं, पाळणे, कुस्त्या, नुसता गजबजाट. वाणी लोक तिथे पालं ठोकून रेवड्या, गूळ, खोबरं, शेंगदाणे विकत. नागशेटनंही गाडी भरली. मालाच्या वर पाटी ठेवली, पाटीवर घोंगडी घातली, रंग उडू नये म्हणून. वाणीणबाई आणि राही कडेला अंग चोरून बसल्या. पाटी ऐसपैस बसली होती.

जत्रेत पोचल्यावर वाणीणबाई नदीवर पाणी आणायला गेली. नागशेटनं पाल ठोकलं आणि पाटी लावायला घेतली. राहीला म्हणाला, "बैलाची दोरी धरून इथेच उभी राहा हं."

पाटी डावीकडे झुकली, म्हणून त्यानं उजवी दोरी ओढली. मग उजवीकडे झुकली, म्हणून डावी ओढली. चार पावलं मागे जाऊन पाहिली. पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे गेला. आता कशी तोऱ्यात दिसत होती! जत्रेतल्या एकाही वाण्याकडे अशी पाटी नव्हती. खुशीत येऊन तो वळला, "राही, बघ गं," म्हणाला.

बैल होता. दोरी होती. राही नव्हती.

आधी त्याला वाटलं, गाडीखाली असेल. मग वाटलं, आईच्या मागे गेली असेल. वाणीणबाई डोक्यावर घागर घेऊन एकटीच येताना दिसली.

"राही कुठाय?" तिनं विचारलं.

त्यानं बैलाच्या दोरीकडे बोट दाखवलं. घागर तिथेच फुटली. वाणीणबाई नदीच्या अंगाला धावली, नागशेट जत्रेत घुसला.

"लहान मुलगी पाहिलीत का? हिरवा परकर, पुढचा दात पडलेला?" बांगडीवाल्यापाशी, भांडीवाल्यापाशी, पाळण्यापाशी, दिसेल त्याला तो विचारू लागला.

"कुणाची मुलगी?" लोक विचारत.

"श्री सकलसमृद्धी महाभांडाराच्या मालकाची. मी, मीच तो मालक."

लोक त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. "मोठे शेट दिसता," एक म्हणाला. "मग नोकरचाकर असतील की भांडारात. त्यांना धाडा चारी दिशांना." दुसरा म्हणाला, "सकल काय म्हणालात? ऐकलं नाही बुवा कधी." माणसं दुष्ट नव्हती. पण जत्रेत ज्याला त्याला आपलं पोर, आपलं बोचकं, आपला बैल सांभाळायचा असतो. न ऐकलेल्या नावासाठी कोण हातातलं टाकून धावणार?

त्यानं दवंडीवाल्याला गाठलं. दवंडीवाल्यानं ढोलकं वाजवून ललकारी दिली, "ऐका हो ऐका! श्री सकलसमृद्धी महाभांडार..." एवढंच ऐकून बायका पुढे सरसावल्या. "गूळ कसा दिला हो?" "खोबरं नवं आहे का?" त्यांना वाटलं, दुकानाचीच दवंडी. पुढची 'मुलगी हरवली आहे' ही आरोळी त्या गलक्यात बुडून गेली. नागशेट कपाळाला हात लावून उभा राहिला.

ऊन उतरलं. माळावर सावल्या लांबल्या. आणि नागशेटला एक गोष्ट दिसली. गाडीवान बैल जुंपत होते. संध्याकाळ झाली की जत्रा फुटते. ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या वाटेला लागते. एकदा का या गाड्या दहा दिशांना निघाल्या, की राही कुठल्या वाटेनं गेली, कुणाबरोबर गेली, कुणाला सांगता येणार होतं? परत मिळायची ती आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

तो एका उभ्या गाडीवर चढला. ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की आपलं नाव घेऊन या माणसांना थांबवता येत नाही. भांडाराचं नाव घेऊनही येत नाही. मग कुठलं नाव घेऊ? त्याच्या घशाशी एक नाव आलं. ते घ्यायची त्याला लाज वाटत होती. पण पोटच्या पोरीपुढे लाज कसली?

"अहो, थांबा हो!" तो ओरडला. "मी खाऱ्या डोणीचा वाणी आहे! घाटाखालच्या खाऱ्या डोणीचा! माझी लेक हरवली आहे हो!"

जुंपता जुंपता एका गाडीवानानं बैल मागे घेतला. "कोण? खारी डोण?"

"कोण म्हणाला खारी डोण?" पलीकडचा म्हणाला.

"अरे, आपल्या डोणीवाल्याची पोर हरवलीय! सोडा बैल, सोडा!"

आणि बघता बघता काय झालं म्हणता! जुंपलेल्या गाड्या सुटल्या. घाटावरचे लाकूडतोडे कुऱ्हाडी टाकून पळाले. बुरुडाची म्हातारी टोपल्या तशाच टाकून उठली. कुणी नदीकडे, कुणी देवळाकडे, कुणी गुरांच्या बाजाराकडे. "डोणीवाल्याची पोर, हिरवा परकर!" ही हाक या तोंडातून त्या तोंडात जात माळाच्या पार टोकापर्यंत पोचली. नागशेट गाडीवर उभाच होता. त्याला वाटलं होतं, हे नाव ऐकून लोक हसतील. एकही माणूस हसलं नाही.

थोड्याच वेळात मेंढरांच्या कळपाकडून माणसांचा एक घोळका आला. त्यांच्या पुढे एक उंच धनगरीण, आणि तिच्या कडेवर राही. राहीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलेलं.

नागशेट खाली कसा उतरला ते त्यालाही कळलं नाही. वाणीणबाई धावत आली. दोघांनी मिळून पोरीला पोटाशी धरलं, तरी तिनं तोंडावरचे हात काढले नाहीत.

"कोकराच्या मागं लागून आली आमच्याकडं," धनगरीण सांगू लागली. "इचारलं, बाय, कुनाची तू? तर कसलं तरी लांबलचक नाव सांगती. आमी चार जनांस्नी इचारलं, कुनालाच ठावं न्हाई. म्हनलं, अजून काय सांगशील का? तर तोंड मिटून बसली. म्हनलं भुकेजली असंल. भाकरी दिली, कांदा फोडला, आन् गडबडीत चिमूटभर मीठ तिच्या हातावं ठेवाया गेले. तर हात मागं घेतला पोरीनं! म्हनती, मीठ हातावर नाही द्यायचं, भांडण होतं. खाली ठेव, म्हंजे मी माझं घेईन."

धनगरणीनं राहीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तवा माझ्या ध्यानात आलं. मिठाचा नेम समद्यांस्नी ठावं, पर 'ज्याचं त्यानं घ्यावं' हे म्या एकाच ठिकानी बघितलंय. म्हनलं, बाय, तू खाऱ्या डोणीची का गं? तर हिनं दोनी हात तोंडावं घेतले ते अजून काढले न्हाईत. हो म्हनंना, न्हाई म्हनंना. तेवढ्यात तुमची हाक आली."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "शेट, लई साल तुमच्या डोणीतलं मीठ खाल्लंय. औंदा आलो तर डोणच न्हाई. माझ्या म्हाताऱ्यानं अंधारात भुई चाचपली आन् म्हनला, वाणी गेला वाटतं गं. त्या राती आमी अळणी जेवलो, पर वाईट वाटलं ते तुमच्यासाठी."

नागशेटनं मान खाली घातली. मेलेल्यासारखंच झालं होतं त्याला.

तो राहीपुढे गुडघ्यावर बसला. "बाळा, तुला ते नाव येत होतं की गं. सांगितलं का नाहीस? लगेच आणून सोडलं असतं तुला."

राहीनं बोटांच्या फटीतून म्हटलं, "सुटली म्हणा आधी."

"काय?"

"शपथ सुटली म्हणा. तुमच्या गळ्याची आहे. मी नाव घेतलं असतं तर तुम्हाला काही झालं असतं ना, आप्पा?"

वाणीणबाईला या शपथेचं काही ठाऊक नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आणि तो मोठा शेट, महाभांडाराचा मालक, भर जत्रेत, साऱ्या गाडीवानांपुढे लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. एवढीशी पोर दिवसभर अनोळखी माणसांत बसली, आई हवी, घर हवं, आणि घराची वाट दाखवणारं नाव जिभेच्या टोकावर असून तिनं ते गिळून धरलं, का? तर बापाचा जीव राहावा म्हणून!

"सुटली गं माझे बाई," तो म्हणाला. "सुटली, सुटली, सुटली!"

तेव्हा कुठे राहीनं हात काढले, मोठा श्वास घेतला आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मी खाऱ्या डोणीची!"

लोक हसले. या हसण्याचं नागशेटला काही वाटलं नाही. तोही डोळे पुसत हसला.

गावी परत आल्याबरोबर, अंगावरची धूळही न झटकता, त्यानं गडी बोलावले. डोण गोठ्यातून निघाली, धुतली गेली आणि वळचणीला आपल्या जुन्या जागी बसली. तिच्या चारी कोपऱ्यांच्या खुणा अजून जमिनीत होत्या.

आणि पाटी? सागवानी फळी वाया घालवायला नागशेट काही वेडा नव्हता, वाणी होता. पावसाळी हवेत मीठ पाघळतं, म्हणून त्यानं तिचं डोणीला झाकण केलं, अक्षरं खालच्या बाजूला करून. मिठानं हळूहळू ती अक्षरं खाऊन टाकली. आधी 'समृद्धी' गेली, मग 'भांडार' गेलं, शेवटी नुसती कोरी फळी उरली. नागशेटनं ती पुन्हा रंगवली नाही.

पुढे राजधानीत माल भरायला गेला तेव्हा त्या ठोक व्यापाऱ्यानं पुन्हा विचारलं, "कुठलं दुकान म्हणालात?"

"खारी डोण!" नागशेट असा ठणकावून म्हणाला की पेढीवरची कबुतरं उडाली. "आणि शेट, कधी आमच्या बाजूला वाट चुकलात तर हेच नाव विचारा. कुणीही आणून सोडील."

शेटला पुन्हा हसायचं सुचलं नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी, डोण परत आली त्या संध्याकाळी, आळीतली सगळी माणसं दारात येऊन उभी होती. राही मापटं घेऊन डोणीवर वाकली. तिनं पहिलं मापटं ओतलं आणि ओरडली, "लाऽऽभ!" दुसरं ओतताना नागशेटच्या तोंडून सवयीनं 'दोन' निघणार होतं. त्यानं ते गिळलं आणि पोतंच उचलून डोणीत रितं केलं.

एवढं सांगून मी थांबतो, आणि तुम्ही एवढंच गाठीला बांधून घ्या: पाटीवरचं नाव आपलं आपण लावतो, पण वेळेला धावून येतं ते लोकांनी मायेनं दिलेलं नाव.